गावात मोफत व्याख्यानमाला, पण तिसऱ्या दिवशी सतरंजी रिकामी. काय करावं?

ग्रंथपाल_खटाव:
नमस्कार. मी खटाव तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं वाचनालय, दोन खोल्या, संध्याकाळी पेपर वाचायला येणारी पंधरा-वीस माणसं.

मागच्या जानेवारीत आम्ही पहिल्यांदाच तीन दिवसांची व्याख्यानमाला घेतली. मारुतीच्या देवळापुढं मंडप, कुणालाही या, तिकीट नाही. पहिल्या दिवशी दीडशे माणूस होतं. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी मी मोजली, माईकवाला धरून अकरा. त्या दिवशीचे वक्ते पुण्याहून एसटीनं आले होते, संतसाहित्यावर बोलायला. त्या अकरा जणांपुढं ते दीड तास इतक्या तळमळीनं बोलले की ऐकताना माझे डोळे भरून आले. परत एसटीत बसवताना मात्र मला त्यांच्याकडं बघवेना.

"आपल्या लोकांना असल्याची गोडीच नाही," असं गावातले एक जाणते म्हणाले. मला हे अजिबात पटत नाही. मी तिसरी-चौथीत असताना वडील मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून औंधच्या संगीत महोत्सवाला न्यायचे. आश्विन वद्य पंचमीला भरतो, १९४० पासून चालू आहे, आणि तिथंही तिकीट नाही. पटके बांधलेली, घोंगडी पांघरलेली माणसं पहाटेपर्यंत मांडी मोडत नव्हती. त्यांना रागाचं नाव सांगता आलं नसतं, पण गाणारा कधी रंगला हे त्यांच्या माना सांगायच्या. तीच माणसं, त्यांचीच नातवंडं आज माझ्या गावात आहेत.

यंदा पुन्हा घ्यायची आहे. मागच्या वेळी मंडप, माईक, मानधन, प्रवास आणि जेवण धरून अठरा हजार लागले, सगळी वर्गणी. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, आमचं चुकलं कुठं?

दूधसंस्था_वाळवा:
ताई, आधी एक सांगा, वेळ काय ठेवली होती?

ग्रंथपाल_खटाव:
साडेसहा. वक्त्यांना रात्री परत जाता यावं म्हणून.

दूधसंस्था_वाळवा:
मग तिथंच चुकलं. मी दूध संस्थेत सचिव आहे, रोज बघतो. साडेसहाला माणूस गोठ्यात असतो. धार काढायची, किटली घेऊन डेअरीवर यायचं, दुधाचं फॅट मोजून होईपर्यंत थांबायचं, घरी जायला आठ वाजतात. पहिल्या दिवशी सत्कार होते म्हणून लोकांनी धार मागं-पुढं केली असेल. तीन दिवस म्हशीला कोण थांबवणार?

आठला चालू करा, साडेनऊला संपवा. वक्त्यांना रात्री गावातच मुक्काम करू द्या. शाळेतल्या एखाद्या गुरुजींच्या घरी सोय होते, आणि खरी चर्चा जेवायला बसल्यावरच रंगते. दुसरं म्हणजे वायरमनला विचारून तारीख धरा. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला असलेल्या आठवड्यात घेऊ नका, निम्मा गाव पाणी पाजायला मळ्यात असतो.

बायकांना आठची वेळही जमत नाही, तेव्हा भाकरी थापायच्या असतात. त्यांच्यासाठी एक सत्र दुपारी दीडला ठेवा. आमच्याकडं दुपारी ठेवलं तेव्हा पुरुषांपेक्षा बायका जास्त आल्या आणि प्रश्नही त्यांनीच विचारले.

आणि कृपा करून सत्कार शेवटी घ्या. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, नारळ-शाल यात पाऊण तास गेला की ऐकणाऱ्याचा जीव उठतो.

निवृत्त_शिक्षक_पलूस:
वरच्या दादांचं पटलं. मी त्यात तारखेची भर घालतो. आमच्या शेजारी औदुंबरला कृष्णाकाठी दर मकर संक्रांतीला सदानंद साहित्य संमेलन भरतं. कवी सुधांशूंच्या गावचं हे संमेलन. तिथं आम्हाला कुणी पत्रिका पाठवत नाही. संक्रांत आली की पाय आपोआप औदुंबरकडं वळतात. आधी दत्ताचं दर्शन, मग मंडपात बसायचं. बाया वाणाचं ताट घेऊन येतात आणि कविसंमेलन ऐकून जातात. माझ्या आईनं आयुष्यात एक कविता वाचली नव्हती, पण औदुंबरला दोन-तीन पिढ्यांचे कवी ऐकले होते.

तुमच्या मालेला अशी एक तिथी द्या आणि ती हलवू नका. वक्त्याच्या सोयीनं दरवर्षी तारीख बदलली की गावाच्या अंगवळणी पडत नाही. वाईला वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात असते, मुंबई-पुण्याची माणसं सुट्टीला घरी आलेली असतात. तुमच्याकडं गाव कधी भरलेलं असतं, ते तुम्हालाच ठाऊक.

इतिहास_कुंडल:
ताई, मी विषयाबद्दल लिहितो, कारण मला त्याचं वाईट वाटतं. तुमचा तालुका म्हणजे इतिहासाची खाण आहे. औंध संस्थानात १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी कारभार गावपंचायतींच्या हाती दिला, त्या घटनेला गांधीजींचं मार्गदर्शन होतं. आमचं कुंडल त्याच संस्थानातलं. कैद्यांना भिंतींशिवाय ठेवणारं आटपाडीजवळचं स्वतंत्रपूरही त्याच काळातलं. 'चले जाव' चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतची माणसं हुतात्मा झाली. त्या मोर्चात चालत गेलेल्यांची घरं तुमच्या आसपासच असतील. त्यांना हे पुन्हा कधी, कुणी नीट सांगितलंय का?

आमच्याकडं प्रतिसरकारवर, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध गावोगावी चालवलेल्या सरकारवर, बोलणं ठेवलं तेव्हा वक्त्याला चाळीस मिनिटंच दिली. नंतर माईक खाली सतरंजीवर फिरवला. एका आजीनं घरात लपवलेल्या माणसांना परड्यातून भाकरी कशा पोचवल्या, ते सांगितलं. वक्ते वही काढून लिहून घेत होते.

ग्रंथपाल_खटाव:
सगळ्यांचे मनापासून आभार. गेले चार दिवस यावरच विचार करतेय.

एक सांगते, संतसाहित्य मी सोडणार नाही. आमच्या गावात सप्ताह बसतो तेव्हा सात रात्री कीर्तनाला पटांगण पुरत नाही. म्हणजे बसून ऐकायची सवय आहेच, आमचीच मांडणी त्यांना परकी वाटली. यंदा आधी आमच्या भजनी मंडळानं तुकोबांचे तीन अभंग म्हणायचे आणि वक्त्यांनी तेच तीन उलगडायचे, असं ठरवतेय. मागच्या वर्षीच्या त्याच सरांना काल फोन केला. अभंग मंडळालाच निवडू दे, म्हणाले, आणि मुक्कामाला यायला आनंदानं तयार झाले.

सलग तीन दिवसांऐवजी वर्षात तीन वेगळे दिवस धरतोय. पहिलं व्याख्यान ९ सप्टेंबरला, वडूजच्या मोर्च्यावर. पावसाचे दिवस, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये, रात्री आठला. त्याच दिवशी दुपारी दीडला बायकांसाठी वेगळं सत्र. मंडपाचा खर्च वाचतो, त्यातून दूरच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना आणायला-सोडायला एक गाडी सांगणार आहे.

खटाव-माण भागातल्या कुणाच्या घरी त्या मोर्च्याचे कागद, तुरुंगातली पत्रं किंवा जुने फोटो असतील तर त्या दिवशी घेऊन या. कागद आम्ही ठेवून घेणार नाही. समोर बसून मोबाईलवर फोटो काढू आणि कागद तुमच्या हातात परत देऊ.