खेड्यातल्या जवानाच्या नावावर काहीही खपवू नका

टाकळीची लेक:
सुभेदार काकांनी काल लिहिलं, "समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं तरी समलिंगी माणसं फौजेत नकोत, खेड्यातल्या जवानाला ते पचणार नाही." रात्रभर डोक्यातनं गेलं नाही. हेच सरकारनं सुप्रीम कोर्टात बायकांबद्दल सांगितलं होतं, की खेड्यातनं आलेल्या जवानांच्या मनाची अजून बाईचा हुकूम मानायची तयारी नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टानं ते फेटाळलं आणि महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्यायला लावलं. दर वेळी आमच्या सैनिक टाकळीच्या, तुमच्या गडहिंग्लजच्या पोरांनाच अडाणी का ठरवायचं?

आणि 'घेऊ नका' म्हणजे काय? ती आहेतच. माझा चुलतभाऊ सतरा वर्षं शिपाई होता, सियाचीन करून आला. ट्रंकेत माझ्या मैत्रिणीचा फोटो ठेवायचा, 'ठरलंय' म्हणून सांगायला. पेन्शनीत आल्यावर एकदा रंकाळ्यावर मला खरं सांगितलं. म्हणाला, "गोळीचं भ्या नव्हतं गं, झोपेत काही बडबडलो तर, हे होतं."

माजी सुभेदार, गडहिंग्लज:
ताई, तुमच्या भावाला सलाम. पण मी अठ्ठावीस वर्षं काढलीत. बर्फात दोघं एकमेकांच्या अंगाच्या उबेवर रात्र काढतात. तिथं मनात शंका शिरली की जोडी मोडली. आमच्याकडं एक हवालदार नव्या पोरांना त्रास द्यायचा. एक पोरगं रडत माझ्याकडं आलं, ते तोंड अजून दिसतं. तेव्हाचे लष्करप्रमुख रावतसाहेब यांनी जानेवारी २०१९ ला उगाच नाही सांगितलं, की फौजेत हे चालू देणार नाही.

वकील, ताराबाई पार्क:
काका, त्या हवालदारानं केली ती जबरदस्ती. ती त्यानं बाईवर केली असती तरी गुन्हाच. आर्मी ॲक्टचं कलम ४६ त्यासाठी जरूर वापरा, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्याच कलमात 'अनैसर्गिक' हा शब्द अजून बसलाय, त्याचं काय? ताई, तुमच्या बाजूनंही एक अडचण आहे. घटनेचं कलम ३३ संसदेला जवानाचे हक्क कमी करायची मुभा देतं, म्हणून ३७७ वरचा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल छावणीच्या दारात अडतो. बदल संसदेनंच करायला पाहिजे. इस्रायलनं १९९३ ला नियम बदलले, ब्रिटननं २००० ला बंदी उठवली, अमेरिकेनं २०११ ला. कुणाची फौज मोडली?

भरतीवाला, कागल:
कोण समलिंगी आणि कोण काय, आधी आम्हाला तरी आत घ्या की! कोरोनात दोन वर्षं भरती बंद. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढत होतो, वय निघून गेलं. आता चार वर्षांचं अग्निवीर, त्यातले शंभरात पंचवीस ठेवणार. बाकीच्यांनी काय करायचं? आईनं अकॅडमीच्या फीसाठी म्हस विकली.

माजी सुभेदार, गडहिंग्लज:
हे मात्र खरं बोललास पोरा. चार वर्षांत पलटण म्हणजे काय ते कळेपर्यंत परत घरी. बेळगावच्या सेंटरला आम्ही घडलो ते असं घाईत नाही. पेन्शन नाही, माजी सैनिक म्हणून मान नाही.

टाकळीची लेक:
विषय कुठं नेताय?

भरतीवाला, कागल:
ताई, तुमच्या भावाला सतरा वर्षं आणि पेन्शन मिळाली. माझ्या म्हशीपेक्षा त्याचं दुःख मोठं का?

टाकळीची लेक:
मोठं म्हटलंच नाही मी! तुला मैदानावरनं परत पाठवलं त्याचा मलाही राग आहे. पण माझ्या भावानं सतरा वर्षं खोटा फोटो दाखवला, त्यावर बोलायला लागलं की प्रत्येकाला दुसरं काही आठवतं. काका, तुम्ही सांगा. तो तुमच्या कंपनीत असता आणि तुम्हाला कळलं असतं, तर वर रिपोर्ट केला असता?

माजी सुभेदार, गडहिंग्लज:
...काम चोख करत असता तर नसता केला. खोटं बोलत नाही. पण म्हणून कायदा बदला असं माझ्या तोंडनं निघणार नाही.

टाकळीची लेक:
नसता केला म्हणता. पण हे त्याला कुठं माहीत होतं, काका?