सोसायटीतला अनंत देशी की परदेशी, आणि त्याला फळ का धरत नाही?

पार्ल्याची_परसबाग (प्रश्न):
विलेपार्ले पूर्वेतील आमच्या सोसायटीने आवारातल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायचे ठरवले असून मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बाकीच्या झाडांचे निभावले. फाटकाजवळच्या अनंतापाशी मात्र गाडी अडली. समितीतल्या एका काकांचे म्हणणे असे की, ज्या फुलाला विष्णूचे नाव आहे आणि जे त्यांच्या आजीच्या देवघरातही वाहिले जात असे, ते परदेशी असणे शक्य नाही. म्हणून पाटीवर ‘देशी’ लिहावे. दुसऱ्या एका सभासदांच्या मते तो अनंतच नव्हे, डबल तगर आहे. झुडूप पाच फूट उंच आणि बारमाही हिरवे आहे. पांढरी, पुष्कळ पाकळ्यांची, घमघमणारी फुले येतात आणि एक-दोन दिवसांत पिवळसर पडतात. आठ वर्षांत फळ एकदाही दिसलेले नाही. शिवाय भिंतीलगतच्या फांद्यांची कोवळी पाने पिवळी होत आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाटीवर नेमके काय लिहावे?

निवृत्त_वनस्पतीशिक्षिका:
तगरीचा वाद एका पानात मिटतो. पान देठापासून तोडावे; पांढरा चीक आला तर ती तगर, म्हणजे करवीर कुलातली वनस्पती. अनंताला चीक नसतो. तो कदंब कुलातला, कॉफी, एक्झोरा आणि सिंकोना यांचा भाऊबंद. या कुलाची खूण शेंड्याजवळ दिसते: समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये खोडाला चिकटलेले बारीक उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारे पानासारखे छोटे अंग असते आणि अनंतात तर त्याची खोडाभोवती बाहीसारखी नळीच बनते. कधी कधी एका पेऱ्यावर दोनऐवजी तीन पानेही येतात, त्याने गोंधळू नये. तुम्ही फूल पिवळे पडते असे लिहिले आहे, तेथेच माझा कौल अनंताकडे झुकला, कारण तगरीचे फूल कोमेजेपर्यंत पांढरेच राहते.

आता मूळ. गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस (हे अनंताचे शास्त्रीय नाव) ही वनस्पती दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम आणि जपानचा उबदार भाग या पट्ट्यातली आहे. चीनमध्ये ती इतकी जुनी आहे की सोंग राजवटीतल्या (९६० ते १२७९) चित्रांतही तिची फुले आढळतात. आपल्याकडे ती बागेतूनच आली आणि बागेतच राहिली. संस्कृत नाव हा देशीपणाचा पुरावा होऊ शकत नाही. बाहेरून आलेल्या झाडाला घरचे नाव देण्याची आपली रीत जुनीच आहे. काकांना वाईट वाटू नये म्हणून सांगते की या प्रजातीचे खरेखुरे देशी नातलग आपल्या राज्याच्या रानांत आहेत. ज्याचा राळेसारखा डिंक काष्ठौषधींच्या दुकानात डिकेमाली म्हणून मिळतो, ते झाडही गार्डेनियाच आहे.

युरोपीय लोकांची फसगत तर याहून मजेदार आहे. १७५४ मध्ये एका जहाजाच्या कप्तानाने हे झुडूप केप ऑफ गुड होपहून इंग्लंडला नेले, म्हणून ते आफ्रिकेचे ठरले आणि सुवासामुळे त्याला जाईच्या वर्गात ढकलून ‘केप जास्मिन’ म्हटले गेले. पुढे जॉन एलिस यांनी १७६१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन छापले आणि प्रजातीला अमेरिकेतल्या चार्ल्सटन येथील डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांचे नाव दिले. या नावाचा बागेशी संबंध नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि परीक्षेत दरवर्षी उलटेच वाचत असे.

गच्चीवरची_माती:
एक सावधगिरी: मुंबईतले नर्सरीवाले ‘देशी’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा गावठी वाण एवढेच म्हणायचे असते, वनस्पतीचे मूळ नव्हे. पाटीवर तो शब्द टाळलेला बरा. पानांबद्दल सांगायचे तर, कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोह न मिळाल्याचे लक्षण आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते. भिंतीच्या पायाशी सिमेंट-चुन्याचा राडारोडा गाडलेला असला की माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. आधी तेथे वीतभर खणून पाहावे, राडारोडा निघाला तर काढून लाल माती आणि पालापाचोळ्याचे खत भरावे. निव्वळ खत ओतत राहिल्याने उपयोग होणार नाही.

पार्ल्याची_परसबाग:
चीक नाही, बाही आहे, तगर बाद. खणल्यावर विटांचे तुकडे आणि प्लास्टरची ढेकळे निघाली. फळाचे मात्र राहिलेच.

निवृत्त_वनस्पतीशिक्षिका:
एकेरी अनंताला बहुधा सहा पाकळ्या असतात, त्यांच्यामध्ये तितकेच पुंकेसर, आणि खाली अधःस्थ किंजपुट, म्हणजे पुढे ज्याचे फळ होते तो फुलाचा भाग, पाकळ्यांच्या बुडाखाली असलेला. त्याचे फळ नारिंगी, उभ्या कंगोऱ्यांचे होते आणि वर निदलपुंजाचे (पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या वेढ्याचे) लांबट दाते तुऱ्यासारखे टिकून राहतात. ते पिकूनही उकलत नाही. जपानी भाषेत त्याला कुचिनाशी म्हणतात आणि लोक त्याचा अर्थ ‘बिनतोंडाचे’ असा लावतात. त्यातला पिवळा रंग क्रोसिनचा, म्हणजे केशरात असतो तोच, आणि जपानमध्ये मुळ्याचे लोणचे त्याने रंगवतात. तुमचा अनंत डबल आहे. डबल फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे परागच नसतात किंवा नाममात्र असतात आणि फळ सहसा धरत नाही. अशा झुडपांची वाढ फांदीच्या कलमांनी केली जाते. एक फूल उलगडून आतल्या पाकळ्यांच्या कडा पाहा.

पार्ल्याची_परसबाग:
वर्तमानपत्रावर फूल सोडवले. बाहेरच्या पाकळ्या रुंद व गुळगुळीत होत्या, आत जाऊ तशा अरुंद आणि चुरगळलेल्या. अगदी आतल्या दोन पाकळ्यांच्या कडेला गव्हाच्या दाण्याच्या निम्म्या आकाराची पिवळट पट्टी चिकटलेली होती, एका बाजूला परागकोश आणि दुसऱ्या बाजूला पाकळी. काकांनी ती भिंगातून बराच वेळ पाहिली. पाटीचा मजकूर आता असा ठरला आहे: ‘अनंत (डबल). कदंब कुल. मूळ स्थान दक्षिण चीन व लगतचा प्रदेश.’ देवाला वाहतात हेही खाली लिहावे, एवढी त्यांची अट आहे आणि ती मला मान्य आहे.