बडोद्यात लेखनासाठी सामायिक जागा घ्यावी का?

प्रश्न (दांडिया बाजार):
घरात माणसांचा राबता असल्यामुळे कादंबरीचे काम रेंगाळले आहे. अलकापुरीत एखाद्या सामायिक कार्यालयात मासिक भाड्याने टेबल घ्यावे, की मराठी लिहिणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून खोली घ्यावी? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १:
महिन्याचे पैसे भरण्याआधी एका दिवसाचा पास घेऊन पाहावे, आणि तोही कामाच्या ऐन वेळी, कारण अशा ठिकाणी विक्री किंवा सॉफ्टवेअरची कामे करणारी मंडळी असली, की फोन एकामागून एक सुरू होतात. फोनसाठी वेगळी बंद खोली आहे का, हे अवश्य विचारावे. फुकटच्या चहाला भुलू नये.

उत्तर २:
सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून 1910 मध्ये सुरू केलेले मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीला आहेच. लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरशीचे मजले असलेल्या त्या इमारतीत संदर्भ वाचून टिपणे काढावीत. लिहायला मात्र स्वतःचे टेबल बरे.

उत्तर ३:
खोली घ्यावी, पण भाडेकरार कोणाच्या नावे आणि वीजबिल कोण भरणार हे आधी लेखी ठरवावे, नाहीतर मैत्रीही जाते आणि कादंबरीही. लेखनाच्या वेळेत बोलणे पूर्ण बंद ठेवून मसुदा वाचण्यासाठी वेगळा दिवस नेमावा. पाने आधी पाठवावीत, आणि इतरांचे बोलून होईपर्यंत लेखकाने खुलासा करू नये. छापील पुस्तकासोबत खुलासा द्यायला कोणी जात नाही.