एमसीएच्या ऊप्समधलं कुत्रं-मांजर आता पुरे

काळीपाटी:
एमसीएच्या (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्समधली मास्टर्स) पहिल्या सेमला ऊप्स, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, शिकवतो, सहा वर्षं झाली. वर्गात काही बीसीए, बीएससी सीएस करून आलेले, बाकीचे बीकॉम, बीएससी मॅथ्स, एखादी बीए. पहिल्या तासाला विचारलं ऊप्स म्हणजे काय की पुढची बाकं पाढे म्हटल्यासारखी सुरू, एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलीमॉर्फिझम. क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, लिहून दाखवा म्हटलं की ॲनिमल, त्याच्याखाली डॉग, त्यात भू भू प्रिंट. संपलं. अख्ख्या नोकरीत कुणाला कुत्र्याचा क्लास लिहायला लागलाय का हो?

माझं म्हणणं एवढंच की इनहेरिटन्स, म्हणजे 'एक्स्टेंड्स' लिहून एका क्लासवरून दुसरा काढणं, शेवटच्या दोन आठवड्यांत ढकला. मी आधी एसटीचं तिकीट घेतो. प्रवासी क्लास, भाडं काढायची मेथड. पोरं लगेच महिलाप्रवासी एक्स्टेंड्स प्रवासी, ज्येष्ठप्रवासी एक्स्टेंड्स प्रवासी करून मोकळी, कारण बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी झालेल्या सगळ्यांना २०२२ पासूनच फुकट. मग मी विचारतो, ७६ वर्षांच्या आजी कुठल्या क्लासच्या? वर्ग गप्प. एक जण हमखास ज्येष्ठमहिलाप्रवासी काढतोच. बरं, ज्या आजी आज ७४ च्या आहेत त्या पुढच्या महिन्यात ७५ च्या झाल्या तर? जावात न्यू करून बनवलेल्या ऑब्जेक्टचा क्लास नंतर बदलता येत नाही, म्हणजे आजी प्रोग्राम बंद होईपर्यंत तिथेच अडकल्या. तेव्हा कुठे डोक्यात शिरतं की सवलत म्हणजे प्रवाशाचा प्रकार नव्हे, ती प्रवाशाकडे असते. सवलतीचा इंटरफेस (कुठल्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा करार) वेगळा काढायचा आणि प्रवाशाला त्याचा रेफरन्स (ऑब्जेक्ट कुठे आहे ते सांगणारा पत्ता) द्यायचा, झालं.

पॉइंटरवाला:
उदाहरण झकास आहे सर, पण दुखणं पोटात आणि मलम गुडघ्याला. पोरांना रेफरन्स म्हणजे काय हेच माहीत नसतं. जावात एक व्हेरिएबल दुसऱ्याला असाइन केलं की ऑब्जेक्टची कॉपी झाली असं त्यांना वाटतं, मग एकीकडे वय बदललं की दुसरीकडे कसं बदललं म्हणून डोकं धरून बसतात. सी++ घ्या. ऑब्जेक्ट मेमरीतल्या स्टॅकवर ठेवायचा की हीपवर हे स्वतः ठरवावं लागतं, डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड) कधी चालला ते दिसतं, आणि बेसच्या, म्हणजे मूळ क्लासच्या, पॉइंटरवरून मेथड बोलावताना बेसमध्ये व्हर्चुअल लिहायला विसरलात तर गपगुमान बेसचीच चालते. पॉलीमॉर्फिझम, म्हणजे तीच मेथड ऑब्जेक्टप्रमाणे वेगळी चालणं, त्या एका चुकीतून जेवढा कळतो तेवढा चार स्लाइडमधून कळत नाही.

बीकॉमवाली:
सी++ म्हणताय पण लॅबमध्ये कुठलं सी++ असतं ते पण बघा की. मी बीकॉम करून एमसीएला गेले, आमच्या कॉलेजात डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी++ हा जुनाट कंपायलर, तो निळा स्क्रीन, वर आयोस्ट्रीम डॉट एच, मग स्क्रीन पुसायला सीएलआरएससीआर, शेवटी की दाबेपर्यंत थांबवणारं 'गेट-सीएच' नाही लिहिलं तर आउटपुट दिसायच्या आत गायब. स्टँडर्ड १९९८ लाच आलं होतं आणि त्यात ते डॉट एच नाही हे मला पहिल्या इंटरव्ह्यूत समोरच्या माणसाकडून कळलं, इतकी लाज वाटली ना. माझं मत पायथन. जावात पहिल्याच दिवशी पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, चारही शब्द 'नंतर सांगतो' म्हणून पुढे ढकललेले.

पॉइंटरवाला:
ताई, टर्बोचं पाप सी++ च्या माथी नको. आणि पायथनमधलं प्रायव्हेट म्हणजे 'कृपया चपला बाहेर काढा' ही पाटी आहे, नाही काढल्या तरी कुणी अडवत नाही. एन्कॅप्सुलेशन, म्हणजे आतला डेटा झाकून ठेवणं, शिकवणार कसं?

काळीपाटी:
त्या मेनचं रडगाणं आता जुनं झालं, जावा २५ मध्ये क्लास न लिहिता नुसतं व्हॉइड मेन चालतं. फक्त लॅबच्या मशीनवर ते कधी येणार हा प्रश्न मला विचारू नका.

जुनं_खोड:
मी उलट बाजूने बोलणार. इनहेरिटन्स शेवटी ढकलायचं म्हणताय, पण नॉर्वेत डाल आणि न्यूगार्डने सिम्युला ६७ ही भाषा केली त्यातच क्लास, सबक्लास, व्हर्चुअल सगळं होतं. नंतर चिकटवलेलं शेपूट नाही ते. आणि जावा शिकवताना टाळणार कसं? स्वतःची एक्सेप्शन (चूक कळवणारा ऑब्जेक्ट) बनवायची तर एक्स्टेंड्स एक्सेप्शन, ऑब्जेक्ट मजकुरात दाखवणारं टूस्ट्रिंग लिहायचं तर ते पण ओव्हररायडिंगच, म्हणजे वरच्या क्लासची मेथड नव्याने लिहिणं. त्यात २०२० पासून एमसीए तीनाचं दोन वर्षांचं झालंय, शेवटच्या दोन आठवड्यांत सबमिशन आणि व्हायवा असतो, तिथे ढकललं म्हणजे शिकवलंच नाही. पेपरात मात्र ओव्हरलोडिंग-ओव्हररायडिंग फरक स्पष्ट करा येणार म्हणजे येणारच, मग पोरं गाइड पाठ करणार. तुमच्या आजी स्टँडवरच राहतील.

काळीपाटी:
टूस्ट्रिंगचा मुद्दा मान्य, तो मला दुसऱ्याच आठवड्यात घ्यावा लागतो. पण दुसऱ्याने बनवलेला क्लास एक्स्टेंड करणं वेगळं आणि स्वतःची उतरंड रचणं वेगळं. पहिलं लवकर शिकवू, दुसऱ्याची घाई नको. आणि सिम्युला म्हणालात ते माझ्याच बाजूचं निघालं, कारण ती भाषा रांगा आणि वाहतूक असल्या गोष्टींच्या सिम्युलेशनसाठी होती, म्हणजे एसटी स्टँडच की. कुत्रं त्यात कुठेच नव्हतं.

बीकॉमवाली:
सर एक शंका. ७६ च्या आजींना दोन सवलती लागू होतात, महिला आणि अमृत ज्येष्ठ (ती पंचाहत्तरीवाली). तुमचा प्रवासी तर एकच सवलत धरून बसलाय. मग कुठली लावायची हे कोण ठरवणार?

जुनं_खोड:
😂 बोला सर

काळीपाटी:
कंडक्टर ठरवणार. प्रवाशाकडे सवलतींची लिस्ट ठेवायची, कंडक्टरने प्रत्येक लावून बघायची आणि कमीत कमी भाडं निघेल ते घ्यायचं. पण खरं सांगतो, सहा वर्षांत कंडक्टरचा क्लास ना पोरांनी लिहिला ना मी लिहून घेतला. सोमवारच्या लॅबला हाच प्रश्न देतो.