आजीच्या लुगड्यांची वाकळ (गोधडी) करायचीय पण कात्री चालवायला हात होत नाहीये

कंदी_पेढा (सातारा)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊन बसा. आमची आजी मागच्या वर्षी गेली. कोरेगावच्या घरातली तिची ट्रंक माझ्याकडं आली, म्हणजे बाकी कुणाला नको होती म्हणून आली. उघडली तर अकरा नग निघाले. तीन इरकली, त्यातल्या एकीचा पदर पार विरलाय, सहा रोजची सुती नऊवारी, एक सहावारी जी बहुतेक आईची असावी आणि एक घसरडं पॉलिस्टरसारखं काहीतरी, जे आजीने कधी नेसलेलं मला तरी आठवत नाही. डांबरगोळ्यांच्या वासाने दोन दिवस त्या खोलीत बसवेना. शिवाय खाली तळाला एक फाटकी वाकळ, तिच्यात बोट घातलं की हात आत जातो अशी.

मला या साड्यांची वाकळ करायचीय, स्वतःच्या हाताने. शिवणकाम येतं ते एवढंच की फॉल लावते, पोराच्या शाळेच्या पँटची खालची घडी उसवून वाढवून देते आणि लॉकडाऊनमध्ये क्रोशाचे चार टेबलमॅट केले त्यातला एकही चौकोनी नाही. यूट्यूबवर बघितलं तर जो तो चौकोन कापतोय, जोडतोय, इस्त्री मारतोय. मी पण खडूने रेघ मारली आणि कात्री घेऊन अर्धा तास बसले, कापवेना. नवरा म्हणाला दे की बाहेर शिवायला, गावात बायका शिवून देतात. देतात हो, पण मग मी काय केलं?

तर कापायचं का, मशीनवर का हाताने, सुई-दोरा कुठला, आणि ते घसरडं लुगडं आत घालू का टाकून देऊ, हे कुणीतरी सांगा.


कृष्णाकाठ (सांगली)

अगं ताई कात्री ठेव खाली आधी. वाकळीला कापावं लागतं हे सांगितलं कुणी? ते चौकोनाचं डिझाईन छानच दिसतं पण आपल्याकडच्या रोजच्या वाकळीत लुगडं घडी घालून जसंच्या तसं जातं. हिशेब बघ, नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, त्याची चौपदरी घडी घातली की लांबी दोन मीटरच्या थोडी वर आणि पन्हा असेल तेवढी रुंदी, म्हणजे पावणेचार फुटाच्या आसपास. एका माणसाची वाकळ झाली की एकाच लुगड्यात, चार थर. आणखी एक आत घातलं की आठ थर होतात, पण आठ थरातून सुई काढताना देव आठवतो म्हणून दुसरं घालायचं तर अर्धंच, दुपदरी घाल. सहावारीची तीनपदरी घडी घातली की सहा फूट लांबी भरते, ती मधल्या थराला, कमी पडेल तिथं तुकडे लाव.

पण शिवायच्या आधी सगळं धुऊन घे, हे मी चुकले होते. एक कोरं लुगडं न धुता वर लावलं, पहिल्या धुण्यात ते आटलं आणि आतलं आधीच आटलेलं होतं, त्यामुळं सगळ्या वाकळीला सुरकुत्या, म्हातारीच्या गालासारख्या. रंगाचं पण बघ. पांढरं फडकं ओलं करून काठावर घास, लाल झालं तर ते लुगडं वेगळं दोन-तीनदा धू. मिठाच्या पाण्यात घातलं की रंग बसतो म्हणतात, माझा काही बसला नाही.

इरकलीचं म्हणशील तर अंग सुती असतं आणि पदर रेशमी, म्हणून पदरच आधी गेला असणार. जुनं रेशीम घडीवर चिरतं. पदर काढून ठेव, अंग वापर. आणि घसरडं आत अजिबात नको, सुती थरांच्या मध्ये ते सरकत राहतं आणि घाम पण टिपत नाही. त्याच्या पिशव्या शिव.

आणि एक, सुती वाकळीसारखी टिकणारी वस्तू नाही. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात पाणी आलं तेव्हा फोमच्या गाद्या सगळ्या गेल्या, टाकूनच दिल्या. वाकळा चिखलाने इतक्या जड झालेल्या की दोघांना मिळून उचलेनात. पाईप लावून धुतल्या, चार दिवस गच्चीवर उलट्या-सुलट्या वाळवल्या. त्यातल्या दोन आजपण वापरात आहेत, फक्त एकीला कृष्णेच्या गाळाचा रंग कायमचा लागलाय.


माणदेशी_माणूस (दहिवडी)

आमच्या आईनं जल्मभर वाकळा शिवल्या, घरच्या बी आणि दुसऱ्यांच्या बी. मी पुरुष माणूस, पण बघून बघून सांगतो. जमिनीवर अंथरायचं, सारवलेली असली तर झ्याक, फरशी असंल तर सरकतं म्हणून चार कोपऱ्याला वजन ठेवायचं. आई एका कोपऱ्याला वरवंटा, एकाला आडकित्त्याचा डबा, आन् उरलेल्या दोन कोपऱ्यावर आम्हा भावंडांना बसवायची. हलला की सुईचं टोक दाखवायची.

मग मधनं कडंकडं लांब लांब कच्चं टाकं घालायचं, ईतभर ईतभर. ह्ये केलं न्हाई तर मधी फुगा येतो पोळीवानी, आन् तो कितीबी थापटा बसत न्हाई. नंतर कडा आत दुमडून कडंनं खरा धावदोरा सुरू, एक फेरा झाला की त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं फिरत फिरत मध्यापर्यंत. शेवटी मधी येवढुसा चौकोन उरतो. त्यो भरला की कच्चं टाकं उसवायचं.

दोरा हातभरच घ्यायचा, लई लांब घेतला की गुंततो. मेणाच्या तुकड्यावरनं एकदा वढला तर अजून बरं. आई लुगड्याच्या जुन्या काठातनं दोरं काढून वापरायची, आता रीळ घ्या नि दुहेरी करा. सुई मोठ्या नाकाची, पण दाभण नगं, दाभणानं भोकं पडत्यात. दाभण पोत्याला.

आन् ती फाटकी वाकळ टाकू नगा. ती आत घालायची असती.


मशीनवाली_काकू (कराड)

सगळे हाताने हाताने करताय म्हणून माझं पण लिहिते. माझ्या बोटांची सांधेदुखी आहे, हाताने वाकळ शिवायची म्हटलं तर पाच वर्षं लागतील. मी साध्या पायडलच्या मशीनवर केल्यात चार. सुती चार-पाच थर आरामात जातात, सुई मात्र बदलायची, नेहमीची १४ नंबर काढून १६ किंवा १८ नंबर घाल, टाका सगळ्यात मोठा ठेव आणि मोटर असेल तर बंद कर, पायाने हळू चालव. गुंडाळी करून मशीनच्या हाताखालून जाते तेवढीच रुंदी झेपते म्हणून मध्यापासून सुरू करायचं, माणदेशी भाऊंनी सांगितलं त्याच्या उलट. हो, मशीनची वाकळ जरा ताठ होते, हातशिलाईसारखी अंगाला मिठी मारत नाही, हे मान्य. पण होते तरी!

(ते कोपऱ्यावर भावंडं बसवायचं वाचून फार हसले.)


कंदी_पेढा

बापरे, दोन दिवसांत एवढं. कृष्णाकाठ ताई, घडीचा हिशेब वाचून मी खरंच टेप घेऊन मोजलं, दोन मीटर चार सेंटीमीटर भरलं. कात्री कपाटात गेली. भाऊ, फाटकी वाकळ आत घालायची म्हणजे तशीच? वास मारतीय हो ती. काकू, मशीन आहे माझ्याकडं सासूबाईंचं, पण बॉबिन भरताना माझी आणि त्याची भांडणं होतात, त्यामुळं हातानेच बघते आधी.


माणदेशी_माणूस

तशीच कशी, धुऊन. दसऱ्याच्या आधी नदीवर बायका वाकळा धुत्यात तशी आपटून न्हाई धुवायची, फाटकीय ती. टबात भिजवा, तुडवा, कडक उन्हात टाका. वरचा फाटका थर उसवून काढा, खालचा जीव असलेला ठेवा.


विट्याचा_विणकर

मी विषय भरकटवतोय, माफी असावी. रिटायर झाल्यावर बायकोने हातात सुया दिल्या, म्हणाली टीव्ही बघताना हात तरी चालू देत. आता दोन वर्षं झाली, नातवाला एक टोपरं, एक बिनबाह्यांचा स्वेटर आणि मोजे (एक मोजा, दुसऱ्याची लोकर संपली) झालेत. सांगायचं म्हणजे ताई, पहिल्याच फटक्यात मोठी वाकळ घेऊ नका. मी पहिला स्वेटर मोठ्यांचा सुरू केलेला, सात महिने पाठच चालली होती, शेवटी उसवून त्याचे गुंडे केले. मग टोपरं केलं, चार संध्याकाळी झालं, आणि तेव्हा कुठं मजा काय असते ते कळलं. सुलट एक ओळ उलट एक ओळ, डोकं रिकामं होतं. तसं तुम्ही आधी एखादं दुपटं शिवा, तीन फूट बाय तीन फूट, कुणाच्या तरी घरी बाळ असतंच.

आणि जाता जाता, नवीन विणणाऱ्यांसाठी, आपल्याकडच्या सुयांचे जुने नंबर उलटे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ८ नंबर ४ मिलीमीटरची जाड आणि १२ नंबर पावणेतीनची बारीक. मी 'जाड द्या, १२ नंबर द्या' म्हणून घेऊन आलो होतो, दुकानदार काही बोलला नाही.


मेणवलीकर (वाई)

विणकर काका, एका मोज्याचा फोटो टाकाच.

ताई माझं वेगळंच वेड आहे, कात्रणवही. माझ्याकडं घरातल्या प्रत्येक साडीचा बोटभर तुकडा वहीत लावलेला आहे, पदराच्या आतल्या दुमडीतून कापलेला, म्हणजे साडीला कळत पण नाही. बाजूला लिहायचं कुणाची, कधीची, कुठल्या लग्नातली. आईच्या हस्ताक्षरातली किराणा यादी आहे, पहिल्या पगाराच्या दिवशीचं एसटीचं तिकीट आहे. वाकळीत लुगडं गेलं की पन्नास धुण्यांनी रंग उडणारच, मूळ रंग वहीत राहतो. तुमच्या इरकलीचा तो विरलेला पदर पण पातळ सुती कापडावर दोन टाके घालून वहीत बसेल.

दोन चुका मी केल्यात त्या तुम्ही करू नका. पहिली वही कणकेच्या खळीने चिकटवली, दोन पावसाळ्यांत कसर लागली, पानंच्या पानं चाळणी. दुसरी वेळ सेलोटेप, तो पिवळा पडून सुटला आणि डाग मागं ठेवून गेला. आता मी कापड चिकटवतच नाही, सुई-दोऱ्याने पानाला चार टाके घालते. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर त्याची झेरॉक्स लावते, मूळ कागद पिवळा पडून कुरकुरतो आणि शेजारच्या पानाला पण डाग देतो.

वाईत पावसात लाईट गेली की हेच करत बसते. मुलगी म्हणते फोटो काढून फोनमध्ये ठेव की. तिला म्हटलं, फोनला हात लावून खादी आणि वायल ओळखून दाखव.


कृष्णाकाठ

दुपट्याचं काकांचं पटलं. पण ताई तू वाकळ घेतलीसच तर एकटी बसू नकोस. आमच्याकडं चार कोपऱ्यांना चौघी बसतात, एकीचा टाका बारीक असतो, एकीचा उडी मारल्यासारखा, वाकळ झाल्यावर सांगता येतं कुठली बाजू कुणाची. माझ्या जावेची बाजू नेहमी वाकडी. तिला हे वाचायला देऊ नका.


कंदी_पेढा

तीन आठवड्यांनी आले, सॉरी. दुपटं झालं! भाचीच्या बाळाला, त्या सहावारीचं. कच्चे टाके घातले तरी एका कोपऱ्यात छोटा फुगा आहेच, बाळाची काही तक्रार नाही.

आता मोठी वाकळ सुरू केलीय. भाऊ म्हणाले तसं फाटकी धुतली, तीन पाणी काळी निघाली, मग वरचा थर उसवायला घेतला. टाके इतके बारीक की ब्लेडचं टोक जाईना. वरचा थर काढला तर खाली अजून एक वाकळ, आणि ती पण फाटकी, म्हणजे आजीने पण जुनीच आत घातली होती. त्या आतल्या वाकळीला एका ठिकाणी खाकी ठिगळ, ठिगळाला चक्क खिसा, आणि खिसा वरून शिवून बंद केलेला. शाळेच्या चड्डीचा असणार. उघडला नाही, चाचपून बघितला, आत काहीतरी कडक आहे, नाण्याएवढं. वडिलांना फोन लावला, तुमची चड्डी का हो ही? तर म्हणाले माझी नाही, धाकट्याची, माझ्या चड्डीला खिसा कधी शिल्लकच नसायचा. काकांना विचारलं तर ते म्हणतात दादाचीच, आणि आता दोघं फोनवर त्यावरून वाद घालतायत, सत्तरीत.

काका म्हणतात खिसा उसव. वडील म्हणतात राहू दे, आईने शिवलाय. मी तो तसाच ठेवलाय आणि वर आजीचं हिरवं लुगडं टाकलंय. नवऱ्याला एका कोपऱ्यावर बसवलं होतं वजन म्हणून, तो झोपला तिथंच. सहावा फेरा चालू आहे, बोटाला चिंधी बांधलीय तरी दोनदा टोचली.

कृष्णाकाठ ताई, हिरव्यावर लाल दोरा भडक दिसेल का? काळा संपलाय, उद्या खणआळीत जाणार आहे तर तेवढं रात्रीपर्यंत सांग.


कृष्णाकाठ

लालच घे. आणि दोन रीळ जास्तीची आण, मध्यापर्यंत पोचायच्या आत संपतंच.