जुन्या कागदावर आत्याच्या नावापुढे 'स्पिन्स्टर' लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

साखरपेठ_कन्या:
नमस्कार मंडळी. आमची मोठी आत्या वारली, तिने लग्न केलं नव्हतं, मिल बंद पडेपर्यंत लक्ष्मी विष्णूला वाइंडिंग खात्यात होती. आता तिच्या नावावरच्या दोन खोल्यांचं वारसाचं काम काढलंय तर ट्रंकेतनं एक जुनं इंग्रजी अ‍ॅफिडेव्हिट निघालं, टाइप केलेलं. त्यात आधी तिचं नाव, मग स्वल्पविराम, मग स्पिन्स्टर, मग वय आणि राहणार सोलापूर. बाबा म्हणतात गिरणीत सुताचं काम करायची म्हणून लिहिलं असणार, स्पिनिंग मिल तसं स्पिन्स्टर. पण पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो की तो जवळजवळ अपमानाचा शब्द आहे, वय उलटून गेलेली बिनलग्नाची बाई असा अर्थ, नवीन कागदात अजिबात येऊ देऊ नका. आम्हा भावंडांच्या शाळेच्या फिया आत्याने भरल्यात हो, तिच्या नावाला असलं काही चिकटलेलं नको वाटतं. खरं काय आहे? आणि वकिलांना काय सांगू?

शब्दवेडा_सात_रस्ता:
ताई, बाबा आणि भाऊ दोघंही बरोबर आहेत, फक्त मध्ये चार-पाचशे वर्षांचं अंतर आहे. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी बाई, चौदाव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत सापडतो आणि तेव्हा तो साधा धंद्याचा शब्द होता, आपल्याकडे विणकर किंवा शिंपी म्हणतो तसा. शेवटचं '-स्टर' हे जुन्या इंग्रजीत बाईच्या कामाला लागायचं. वेबस्टर म्हणजे विणणारी, ब्रूस्टर म्हणजे बिअर बनवणारी, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी, ही सगळी आज आडनावं होऊन बसलीत. पुढे हे '-स्टर' बायकांचं आहे हेच लोक विसरले, कातणाऱ्या पुरुषालाही स्पिन्स्टर म्हणायला लागले आणि मग बाईसाठी सतराव्या शतकात 'स्पिन्स्ट्रेस' असा वेगळा शब्द काढावा लागला, म्हणजे एकाच शब्दाला बाईपणाची दोन शेपटं!

आता लग्नाचा संबंध कुठून आला ते. इंग्लंडात १४१३ साली कायदा झाला की कोर्टाच्या कागदात माणसाच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहायचंच. पुरुषाचं सोपं होतं, शेतकरी, लोहार, जे असेल ते. बाईचं मात्र नवरा असला तर अमक्याची बायको, नवरा गेला तर विधवा. जिला यातलं काहीच लागू नाही तिच्यापुढे धंदा लिहायचा, आणि सूत तर घरोघरी बायकाच कातायच्या, म्हणून स्पिन्स्टर. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती अशी की सोळाव्या शतकातल्या काही खटल्यांत एकाच बाईला अमक्याची बायको पण लिहिलंय आणि स्पिन्स्टर पण, म्हणजे तोपर्यंत अर्थ पक्का झालेलाच नव्हता. सतराव्या शतकात तो अविवाहित असा कायद्याचा शब्द झाला. १७५५ च्या जॉन्सनच्या डिक्शनरीत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत, कातणारी बाई आणि कायद्यात अविवाहित मुलगी. हिणवण्याचा सूर अठराव्या शतकात चढत गेला आणि त्याच शतकात १७६० नंतर हारग्रीव्ह्जची जेनी, आर्कराइटचं पाण्यावर चालणारं यंत्र अशी सूत कातायची यंत्रं आली, हाताने कातून पोट भरणं संपलं. धंदा गेला आणि लेबल तेवढं बाईच्या अंगावर राहिलं. बॅचलरला मात्र कुणी तसं फारसं हिणवलं नाही बघा.

जुनी_गिरणी_चाळ:
वरचं सगळं वाचलं, छान माहिती, पण एक सांगतो. वाइंडिंगला होत्या म्हणजे त्यांनी सूत कातलं नाही. आमची आई पण तिथंच होती. कातायचं काम रिंग खात्यात, तिथं सायडर म्हणजे मशीन सांभाळणारे आणि डॉफर म्हणजे भरलेल्या बॉबिन काढणारे, बहुतेक सगळे गडी. वाइंडिंगला यायचं ते कातलेलं सूत, बॉबिनवरनं कोनवर, म्हणजे मोठ्या निमुळत्या रिळावर घ्यायचं, आणि धागा तुटला की मशीन पुढं जायच्या आत दोन टोकं धरून चिमटीत गाठ मारायची, ती पण इतकी बारीक की पुढं मागावर अडकली नाही पाहिजे. आई टीव्ही बघता बघता साडीच्या निघालेल्या दोऱ्याला तशी गाठ मारायची, बोटं दिसायची पण नाहीत. त्यामुळं ताई तुमच्या बाबांना सांगा, धंदा म्हणून लिहायचं असतं तर वाइंडर लिहिलं असतं. १८७७ ला जुनी गिरणी सुरू झाल्यापासनं ह्या गावात किती बायकांनी असं घर चालवलं, कागदावर त्यांचा धंदा कोण लिहिलालंय हो, घरकाम म्हणून सोडून द्यायचे.

वकील_होटगी_रोड:
कन्याताई, तुमच्या कागदात तो शब्द निव्वळ अविवाहित याच अर्थाने आहे. आपल्याकडचे टायपिस्ट इंग्रजांच्या काळापासूनचे नमुने पुढे चालवत आले, त्यात बाईच्या नावापुढे वाइफ, विडो किंवा स्पिन्स्टर यातलं एक टाकायचंच. अपमान करायचा कुणाचाच हेतू नव्हता. खुद्द इंग्लंडने २००५ च्या डिसेंबरात लग्नाच्या नोंदीतनं बॅचलर आणि स्पिन्स्टर दोन्ही काढून टाकले, आता तिथे सिंगल लिहितात.

पण जुना कागद खोडू नका, फाडू तर मुळीच नका, तो तुमच्या कामाचा आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम १५ लागतं. बाईच्या मिळकतीवर आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, मग तिचे आईवडील, मग वडिलांचे वारस. आत्यांना नवरा-मुलं नव्हती हे दाखवता आलं की पहिल्या दोन पायऱ्या गळतात, आईवडील हयात नसतील तर हक्क वडिलांच्या वारसांकडे येतो, म्हणजे तुमचे बाबा आणि त्यांची भावंडं. एखादं भावंड आधीच वारलं असेल तर त्याची मुलंबाळं पण येतात, त्यांची नावं सोडू नका. आत्यांनी स्वतः शपथेवर दिलेल्या कागदात त्या अविवाहित असल्याचं येतंय हा चांगला आधार आहे, एकट्यावर भागणार नाही पण सोबत जोडा. नवीन मसुद्यात सरळ अविवाहित लिहायला सांगा, इंग्रजीत असेल तर अनमॅरीड.

साखरपेठ_कन्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, गाठीचं ऐकून म्हणाले आत्या पण तशीच मारायची. वकील साहेब, धाकटे काका आधीच गेलेत, त्यांची दोन मुलं हैदराबादला असतात, त्यांची पण नावं घालावी लागतील ना? आणि नवीन कागदात अविवाहितच्या पुढे निवृत्त गिरणी कामगार, वाइंडिंग खाते असं लिहिलं तर चालेल का?

वकील_होटगी_रोड:
दोन्ही मुलांची नावं घालायचीच, काकू हयात असतील तर त्यांचं पण घाला, वारलेल्या मुलाची विधवा म्हणून त्या पण वारसांत येतात. आणि धंद्याच्या जागी गिरणी कामगार लिहायला काहीच हरकत नाही, फक्त मिलचं ओळखपत्र किंवा पीएफचा कागद असेल तर झेरॉक्स सोबत आणा.