नागपुरातील नव्या बावीस मजली फ्लॅट स्कीममध्ये घर घ्यावे का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

संत्राबाग_आर्वी

सर्वांना नमस्कार. आमचे गाव आर्वी तालुक्यात आहे. ओलिताची आणि कोरडवाहू मिळून बारा एकर शेती आहे. त्यात संत्र्याची बाग आणि उरलेल्या वावरात सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी (कापूस) असते. समृद्धी महामार्गात आमची काही जमीन गेली, तिचे पैसे तेव्हापासून बँकेत मुदत ठेवीत आहेत. थोरला मुलगा नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातील एका कंपनीत नोकरीला लागला आहे, मुलगी बारावीनंतर नागपूरलाच शिकणार आहे आणि आईला उपचारासाठी वरचेवर एम्समध्ये न्यावे लागते. त्यामुळे नागपुरात स्वतःचे घर असावे, असे घरात सर्वांना वाटू लागले आहे.

वर्धा रोड आणि बेसा यांच्या मधल्या भागात बावीस मजली इमारतीचे काम सुरू झाले आहे. तेथे चौदाव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट ६२ लाखांना सांगितला आहे. माहितीपत्रकात क्षेत्रफळ १,१४० चौरस फूट लिहिले आहे, विचारल्यावर कार्पेट, म्हणजे घराच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ, ७४५ चौरस फूट असल्याचे कळले. मेंटेनन्स माहितीपत्रकातील क्षेत्रफळावर चौरस फुटाला साडेतीन रुपये महिना राहील आणि ताबा अडीच वर्षांनी मिळेल. गावात ज्याला विचारावे तो वेगळे सांगतो. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की जमिनीचे पैसे जमिनीतच जावेत. तरुण मुले म्हणतात, की नागपूर आता उंचच वाढणार असल्यामुळे आज घेतलेले उद्या परवडणार नाही. जे अशा उंच इमारतीत राहतात, जे तिच्या शेजारी राहतात आणि ज्यांना कागदपत्रांची माहिती आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

देवळीची_सून

भाऊ, आमचे घर देवळी तालुक्यात आहे आणि यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही नागपुरात अकराव्या मजल्यावर राहतो. माझा अनुभव एकंदरीत चांगला आहे. खाली चोवीस तास चौकीदार असतो, मुले आवारातच खेळतात आणि रात्रपाळी करून येणाऱ्या मुलींना दारापर्यंत सुरक्षित पोहोचता येते. एकट्या राहणाऱ्या शिकत्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या मुलीचा विचार केला तर मी होकारच देईन.

आपल्या आईंच्या बाबतीत मात्र मला काळजी वाटते. माझे सासरे गावाहून आले की दोन-चार दिवसांत अस्वस्थ होतात, कारण गावी ओसरीवर बसले की येणारा-जाणारा रामराम करतो आणि येथे दार लावले की माणूस दिसत नाही. वादळी पावसात एकदा वीज गेली आणि जनरेटरही चालू झाला नाही, तेव्हा दवाखान्यातून आलेले सासरे लिफ्ट सुरू होईपर्यंत पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसून राहिले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना अकरा मजले काय आणि चौदा काय, लिफ्ट बंद म्हणजे घर बंद.

गावाशी नाते असलेल्या कुटुंबाला येणाऱ्या इतरही अडचणी आहेत. आम्ही वर्षाची तूरडाळ आणि गहू गावाहूनच आणतो. पोती लिफ्टने न्यायची म्हटले की आमच्या असोसिएशनच्या नियमाप्रमाणे सामानाच्या लिफ्टनेच आणि ठरलेल्या वेळेतच न्यावी लागतात. उन्हाळ्यात कुरड्या आणि सांडगे वाळवायला जागा नाही, कारण गच्चीला कुलूप असते. कूलर बाहेरून खिडकीला लावू देत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात एसीशिवाय इलाज उरत नाही आणि त्याचे बिल वेगळे येते. फ्लॅट पाहायला जाल तेव्हा कूलरचा प्रश्न अवश्य विचारा. आणि पश्चिमेकडची मोठी भिंत असलेला फ्लॅट घेऊ नका. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा उन्हात दुपारभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत आत ऊब सोडत राहते.

दस्तलेखक_पुलगाव

मी दस्त लिहिण्याचे काम करतो, म्हणून कागदांपुरते लिहितो.

पहिली गोष्ट क्षेत्रफळाची. ६२ लाखांना १,१४० ने भागले तर चौरस फुटाचा दर सुमारे ५,४४० रुपये दिसतो. पण ज्यावर आपण खरोखर पाय ठेवणार ते ७४५ चौरस फूट धरले तर तोच दर सुमारे ८,३२० रुपये होतो. कायद्याप्रमाणे बिल्डरला कार्पेट क्षेत्रफळ सांगावेच लागते आणि करारनाम्यातही तेच लिहिले जाते. त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही स्कीमशी तुलना करताना कार्पेटचाच दर धरावा.

दुसरी गोष्ट महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची. २०१६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असल्यास प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. जाहिरातीवर नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने बंधनकारक केले आहे. तो कोड मोबाईलवर स्कॅन करा. मंजूर नकाशा, ताबा देण्याची जाहीर केलेली तारीख, जमिनीवरील बोजा, सुरू असलेले खटले आणि किती फ्लॅट विकले गेले, हे सगळे तेथे वाचता येते. विक्री कार्यालयात सांगितलेली तारीख आणि महारेराकडे दिलेली तारीख यांत फरक असेल, तर महारेराकडची तारीखच करारनाम्यात लिहून घ्यावी. त्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर पैसे व्याजासह परत मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

आपल्याकडे इसार देऊन, साध्या कागदावर इसारचिठ्ठी करून मोकळे होण्याची सवय आहे. फ्लॅटच्या बाबतीत नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई आहे. "साहेब, वीस टक्के भरा, आजचा दर लावून देतो" असे कोणी म्हटले तर तेथून उठून यावे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करण्याचेही बंधन आहे, आणि ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष दिसला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो.

करांचा भाग थोडक्यात सांगतो. किंमत ४५ लाखांच्या वर असल्यामुळे बांधकाम चालू असताना पाच टक्के जीएसटी लागेल, म्हणजे ६२ लाखांवर ३ लाख १० हजार. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर हा कर लागत नाही. किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून तो आपणच सरकारकडे भरायचा असतो. हे पुष्कळ जणांना नोटीस आल्यावरच कळते.

आणखी एक मुद्दा आपल्या भागापुरता महत्त्वाचा आहे. पुण्या-मुंबईकडे बहुतेक ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्था होते, तर नागपुरात पुष्कळ स्कीम १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली होतात. त्यात प्रत्येक फ्लॅटमालकाला जमिनीतला अविभक्त हिस्सा अपार्टमेंट डीडने मिळतो. तो हिस्सा किती टक्के आहे आणि डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये (स्कीमच्या घोषणापत्रात) गच्ची, पार्किंग व मोकळी जागा कोणाच्या नावावर ठेवली आहे, हे वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

कारंजा_घाडगे

एवढ्या पैशात शहराबाहेर प्लॉट घेऊन घर बांधा. आईही तळमजल्यावर राहतील आणि जमीन आपल्या नावावर राहील.

दस्तलेखक_पुलगाव

सल्ला चांगला आहे, पण प्लॉटमध्ये फसगतीचा धोका फ्लॅटपेक्षा जास्त असतो. अकृषक परवानगी आणि मंजूर ले-आउट नसताना सातबाऱ्यावरच तुकडे विकल्याची प्रकरणे आमच्याकडे सतत येतात. नागपूर सुधार प्रन्यासच्या हद्दीत आर.एल. पत्र (प्लॉट नियमित असल्याचे प्रन्यासचे पत्र) असल्याशिवाय आणि त्याबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची मंजुरी पाहिल्याशिवाय प्लॉटला हात लावू नये.

समुद्रपूरचा_बेसा_रहिवासी

मी अशाच एका उंच इमारतीला लागून असलेल्या ले-आउटमध्ये राहतो. आमच्याकडे या इमारतीविषयी दोन मते आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसे मनापासून बोलतात. दुकानदार आणि घरभाडे घेणारे खूश आहेत, कारण रस्त्यावर दिवे आले, बँकेची शाखा आली आणि वर्दळ वाढली. ज्यांची एकमजली घरे आहेत ते नाराज आहेत. त्यांच्या अंगणात सकाळचे ऊन येत नाही, इमारतीच्या बोअरवेल सुरू झाल्यापासून काहींच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्याआधीच खाली जाते आणि पावसाळी नाली जुन्याच मापाची असल्यामुळे रस्त्यावर पाणी तुंबते.

मला वाटते, की विरोध उंचीला नसून, पाणी, नाली आणि रस्ता यांची सोय न करता उंची देण्याला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून नागपूरकर बांधकामाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. अशा गृहप्रकल्पांसाठी जनसुनावणी होत नाही, पण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटी सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर वाचता येतात. पाणी कोठून आणणार आणि सांडपाण्याचे काय करणार, हे तेथे लिहिलेले असते. आपण ग्राहक म्हणून तोच प्रश्न विचारलात, तर आमच्यासारख्या शेजाऱ्यांचेही भले होईल.

साईट_अभियंता_आष्टी

मी गावचा असलो तरी नोकरी नागपुरातील बांधकामांवर करतो. वरच्या मुद्द्याला जोडून लिहितो. पाण्याबद्दल "कॉर्पोरेशनचे पाणी येणार आहे" या वाक्यावर विसंबू नका. जोडणी मंजूर झाल्याचे पत्र दाखवा म्हणा. पेंचच्या धरणातून पाणी मिळणाऱ्या नागपूर शहरालाही जुलै २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणी सोसावे लागले होते. जोडणी नसलेली उंच इमारत टँकरवर चालते आणि टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या साडेतीन रुपयांत बसत नाही.

साईटवर गेल्यावर विजेचे पॅनल, पंप आणि जनरेटर कोठे बसणार आहेत, ते विचारा. तळघरात असतील तर पाणी शिरल्यावर लिफ्ट, पाणी आणि वीज एकाच वेळी बंद पडतात. जमिनीच्या पातळीवर, उंच ओट्यावर असतील तर ती चांगली खूण समजा. लिफ्ट किती आहेत, त्यांपैकी स्ट्रेचर जाईल एवढी खोल कोणती आणि जनरेटरवर कोणत्या चालतात, हे आईंसाठी आवर्जून पाहा.

आगीच्या बाबतीत २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत आश्रयासाठी मोकळी जागा, म्हणजे रेफ्यूज एरिया, ठेवावी लागते. पुढे रहिवासी ती सामान ठेवायला वापरू लागतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याच बिल्डरच्या आधीच्या एखाद्या इमारतीत जाऊन हे प्रमाणपत्र दाखवायला सांगा आणि तेथील दोन-तीन रहिवाशांशी लिफ्ट व गळतीविषयी बोला. नमुना फ्लॅट पाहण्यापेक्षा ही भेट अधिक उपयोगी आहे.

ओलीत_सेलू

सर्वांनी चांगले लिहिले आहे, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने मुख्य हिशेब कोणी मांडला नाही. १,१४० चौरस फुटांवर साडेतीन रुपये म्हणजे महिन्याला ३,९९० आणि वर्षाला ४७,८८० रुपये मेंटेनन्स. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. म्हणजे नऊ क्विंटल सोयाबीन दर वर्षी केवळ लिफ्ट, चौकीदार आणि दिव्यांसाठी विकावे लागेल, आणि तेही हमीभाव मिळाला तर. घरकर, वीज आणि पुढे होणारी मेंटेनन्सची वाढ वेगळीच. आपले उत्पन्न खरिपाला आणि बागेच्या बहाराला येते, मेंटेनन्स मात्र दर महिन्याला मागितला जातो. तो मुलाच्या पगारातून जाणार असेल तरच हे घर पेलवेल. शेतीवर टाकू नका.

माझा सल्ला असा, की आधी त्याच भागातील तयार उंच इमारतीत भाड्याने राहून पाहा. ६२ लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला चार लाख येतात. त्यावर कर द्यावा लागेल हे खरे, पण भाडे त्यातून भागून काही शिल्लक राहील. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला की आईंना मानवते का, पाणी टिकते का आणि मुलाची नोकरी नागपुरातच राहते का, हे कळेल. ठेव कमी पडली म्हणून उरलेले वावर विकण्याचा विचार मात्र मनातही आणू नका. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. एकदा नावावरची सगळी शेती गेली, की मुलांना परत वळायची वाट बिकट होते.

संत्राबाग_आर्वी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. घरी सर्वांना वाचून दाखवले. बुकिंग सध्या थांबवले आहे. मुलगा मिहानच्या बाजूला भाड्याचे घर पाहत आहे आणि आईने खालच्या मजल्याचा आग्रह धरला आहे. पुढे फ्लॅट घेतलाच, तर तो मुलाच्या आईच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात सवलत मिळते असे ऐकले आहे. कर्ज मात्र मुलाच्या पगारावर मिळेल, कारण शेतीच्या उत्पन्नाचे विवरणपत्र आम्ही भरत नाही. हे दोन्ही एकत्र जमते का?

दस्तलेखक_पुलगाव

जमते. खरेदीदार म्हणून केवळ महिलेचे किंवा महिलांचेच नाव असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मुलाचे नाव दस्तात घातले की ती मिळत नाही. बहुतेक बँका मालक नसलेल्या मुलाला सहकर्जदार म्हणून घेतात, पण आपल्या बँकेकडून ते आधी लेखी विचारून घ्या. मालकी नसल्यामुळे मुलाला गृहकर्जावरची प्राप्तिकरातील वजावट मागता येणार नाही, तेव्हा दोन्ही रकमा शेजारी मांडून ठरवा. नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी ते ३० हजारांच्या वर जात नाही.